पोकळ केलेला दात आणि त्याचे बळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त शिक्षकाला भाषणास उभे केले म्हणजे तो शिक्षण, संस्कार अथवा तरुण पिढी यांपैकी एखादा विषय घेणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘दात’ असे उत्तर दिले. त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. आपल्यापैकी काही कुटुंबांचे माझ्यावर एक ऋण आहे आणि ते आज जाहीरपणे फेडावे, एवढाच माझा हेतू आहे. मी वैद्य नाही. मॅट्रिकच्या पुढे शास्त्राशी माझी ओळख नाही. तथापि ज्या गोष्टीविषयी मी अज्ञानाने बोललो, तिचा अभ्यास करून पुन्हा बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

हकीकत अशी आहे. काही वर्षांपूर्वी माझी डावीकडची खालची दाढ ठणकू लागली. तिच्यात तरुणपणी चांदी भरलेली होती आणि ती चांदी दाढेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचलेली होती. इथल्या एका दवाखान्यात तिचे रूट कॅनल झाले. दुखणे थांबले. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, “गुरुजी, काम अर्धेच झाले आहे. पंधरा दिवसांत या, कॅप बसवू.” परंतु दुखणे थांबले म्हणजे शहाणपणही थांबते. कॅपचा खर्च ऐकून मी मनाशी म्हटले, दाढ चांगली चालते आहे, मग टोपी घालायची ती कशाला? पंधरा दिवसांचे सात महिने झाले. एके दिवशी भाजलेले हरभरे खाताना कडकन आवाज झाला आणि दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेली होती. दाढ काढावी लागली.

त्यानंतर मी जे केले, त्याबद्दल मला आजही खेद होतो. दोष स्वतःकडे न घेता मी तो उपचाराकडे दिला. गेल्या संमेलनात, भोजनाच्या पंगतीत, मी चारचौघांना मोठ्या अधिकाराने सांगितले की, रूट कॅनल म्हणजे दात आतून कोरून पोकळ करणे, पोकळ वस्तू ती मोडणारच, तेव्हा पैसे घालवण्यापेक्षा दात काढून मोकळे व्हावे. शिक्षकाचा शब्द लोक खरा धरतात. माझे ते बोलणे ऐकून आपल्यातील एका वहिनींनी, डॉक्टर वाचवू म्हणत असतानाही, आपली दाढ काढवून घेतली. हे मला पुढे कळले. चाळीस मुलांच्या वर्गात फळ्यावर चुकीचे उत्तर लिहावे आणि एका मुलाने ते प्रामाणिकपणे वहीत उतरून घेऊन परीक्षेत नापास व्हावे, तसे मला झाले.

मग मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. जबड्यातून निघालेली माझी दाढ त्यांनी मला पूर्वीच दिली होती. तिचे दोन तुकडे टेबलावर ठेवून त्यांनी मला विचारले, “गुरुजी, यांतले किती मी कोरले आणि किती आधीच गेले होते, सांगा पाहू.” मला सांगता येईना. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे काही महिने गेले. जे हाती आले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम दाताची रचना पाहू. बाहेरचे पांढरे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. पण जो अति कठीण तो ठिसूळही असतो. त्याच्या आत डेंटीन असते. त्यात खनिज सुमारे ७० टक्के आणि उरलेला भाग तंतुमय सेंद्रिय द्रव्य व पाणी. भिंतीच्या बाहेरचा गिलावा आणि आतले वीटकाम यांचे जे नाते, तेच एनॅमल व डेंटीन यांचे. घाव सोसतो तो डेंटीन. त्याच्याही आत पोकळीत दंतमज्जा असते. तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असून त्या पोकळीचे बारीक फाटे मुळांच्या टोकापर्यंत जातात. तेव्हा पहिली गोष्ट ही की, दात निसर्गतःच पोकळ आहे. डॉक्टर ती पोकळी निर्माण करीत नाहीत. ते ती साफ करतात आणि साफ करण्यापुरती रुंद करतात.

कीड खोलवर गेली की मज्जा सडते व जंतू मुळाच्या टोकाशी गळू करतात. पूर्वी यावर एकच उपाय होता, तो म्हणजे दात उपटणे. सन १८३८ च्या सुमारास अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळाच्या स्प्रिंगपासून एक बारीक काटेरी सुई तयार केली आणि ती नलिकेत घालून सडलेली मज्जा ओढून काढली, असे या शास्त्राच्या इतिहासात सांगतात. आज जे केले जाते त्याचे तत्त्व तेच आहे. दाढेच्या माथ्यावर एक दार पाडावयाचे, बारीक कानशींनी नलिका घासावयाची, औषधी पाण्याने ती वारंवार धुवावयाची आणि शेवटी गट्टापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ भरून ती बंद करावयाची.

आता मुख्य प्रश्न असा की, हे केल्याने दात दुबळा होतो काय आणि होत असेल तर कोणत्या पायरीवर?

आपल्याकडे अशी समजूत आहे की, मज्जा गेली की दात मेला, आणि मेलेले लाकूड जसे वाळून ठिसूळ होते तसा दातही होतो. ही समजूत केवळ आपली नाही. दंतवैद्यांचीही बराच काळ तीच होती. तिची परीक्षा सन १९९२ मध्ये सेजली व मेसर या दोन संशोधकांनी केली. त्यांनी २३ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एकाच माणसाच्या जबड्याचे दोन दात होते, एका बाजूचा रूट कॅनल केलेला आणि दुसऱ्या बाजूचा त्याच जागेवरचा जिवंत दात. उपचार होऊन सरासरी सुमारे दहा वर्षे लोटलेली होती. दोहोंचे डेंटीन यंत्राखाली तपासले तेव्हा चिवटपणात आणि मोडण्यास लागणाऱ्या जोरात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. कठीणपणात मात्र किंचित फरक होता. म्हणजे ‘मेलेला दात सुकून ठिसूळ होतो’ हे म्हणणे टिकले नाही.

मग असे दात मोडतात का? कारण मोडतात, हे तर खरेच आहे. याचे उत्तर त्याआधीच, सन १९८९ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रीह, मेसर व डग्लस यांनी केलेल्या प्रयोगात मिळते. त्यांनी काढलेल्या मानवी उपदाढा घेतल्या आणि प्रत्येक पायरीनंतर त्यांचा ताठरपणा मोजला. केवळ रूट कॅनलचे काम केले तेव्हा ताठरपणा ५ टक्के घटला. माथ्यावर चांदी भरण्यासाठी खड्डा केला तेव्हा तो २० टक्के घटला. आणि पुढची कड, माथा व मागची कड अशा तिन्ही जागा कोरल्या तेव्हा तो ६३ टक्के घटला.

बंधुभगिनींनो, हे आकडे मी वाचले आणि टेबलावरचे ते दोन तुकडे मला पुन्हा दिसले. माझ्या दाढेची दोन्ही कडांची भिंत किडीने व चांदीने तीस वर्षांपूर्वीच गेली होती. बळ आधीच गेलेले होते आणि दोष मात्र मी शेवटच्या माणसाला दिला. घराच्या दोन भिंती पडल्यावर जो खिडकी बसवायला आला, त्याने घर पाडले असे म्हणण्यासारखेच ते झाले.

याचा अर्थ असा नव्हे की, नलिका कशीही आणि कितीही रुंद करावी. येथे मला माझ्या जुन्या विषयाचा, गणिताचा, आधार घेऊ द्या. सहा सेंटिमीटर जाडीची बांबूची काठी घ्या. ती वाकवण्यास जो विरोध करते तो तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सहाचा चौथा घात १२९६. आता काठीत आरपार भोक पाडा. भोक १ सेंटिमीटरचे असेल तर १२९६ मधून १ गेला, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. भोक २ सेंटिमीटरचे केले तर १६ गेले, सव्वा टक्का. ३ चे केले तर ८१, सव्वासहा टक्के. ४ चे केले तर २५६, जवळजवळ २० टक्के. आणि ५ चे केले तर ६२५, म्हणजे ४८ टक्के. भोक दर वेळी एकाच सेंटिमीटरने वाढले, परंतु पहिल्या सेंटिमीटरची किंमत नगण्य आणि शेवटच्याची अठ्ठावीस टक्के. दात म्हणजे बांबू नव्हे, मूळ गोल नसते आणि त्याच्या भिंतीही सारख्या जाडीच्या नसतात. तरीही तत्त्व हेच आहे. बळ बाहेरच्या भिंतीत असते. मधला थोडा गाभा गेला तर बिघडत नाही, पण भिंत पातळ होऊ लागली की प्रत्येक केसभर महाग पडतो.

हा हिशेब दंतवैद्याच्या हातातील सुईलाही लागू पडतो. या सुया, ज्यांना ते फाइल म्हणतात, टोकाकडे निमुळत्या असतात. जुन्या पोलादी सुईचा निमुळतेपणा २ टक्के, म्हणजे टोकापासून प्रत्येक मिलिमीटर वर गेले की जाडी ०.०२ मिलिमीटरने वाढते. पंचवीस क्रमांकाच्या सुईचे टोक ०.२५ मिलिमीटरचे असते. सोळा मिलिमीटर वर तिची जाडी होईल ०.५७ मिलिमीटर. याच टोकाची सुई ६ टक्के निमुळतेपणाची घेतली तर तेथेच जाडी होईल १.२१ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. अर्थात काही सुयांत हा निमुळतेपणा वर जाताना मुद्दाम कमी केलेला असतो. जाड सुईने काम लवकर होते आणि धुण्याचे पाणी खोल पोचते, हा तिचा गुण. दाताच्या मानेपाशी ती जास्त डेंटीन खाते, हा तिचा दोष. आणि चावण्याचा ताण तर याच मानेपाशी एकवटतो. हिरड्यांखालच्या हाडाच्या कडेपासून सुमारे ४ मिलिमीटर वर आणि तितकेच खाली, हा पट्टा दाताचा कणा आहे व तो शक्य तितका राखावा, असे अमेरिकेतील क्लार्क व खादेमी यांनी सन २०१० मध्ये आग्रहाने मांडले.

दुसरी अडचण वळणाची. खालच्या दाढेचे पुढचे मूळ बहुधा वाकडे असते आणि दोन मुळांच्या मधल्या बाजूची त्याची भिंत फार पातळ असते. ताठ पोलादी सुई वाकड्या नलिकेत घातली की ती सरळ होऊ पाहते. आडवळणाच्या घाटातून लांब वासे लादलेली गाडी नेली तर वासे ज्या बाजूला घासतील, त्या बाजूची दरड ढासळते. सुई तशीच नेमकी त्या पातळ भिंतीला घासते. कधी भिंत इतकी झिजते की तिला भोक पडते. म्हणून सन १९८० पासून असे शिकवले जाऊ लागले की, घासण्याचा जोर पातळ भिंतीवर न देता जाड भिंतीकडे द्यावा. पुढे १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली व गर्स्टीन यांनी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या सुया करून दाखवल्या. ही धातू वाकते आणि पुन्हा सरळ होते, त्यामुळे नलिकेचे वळण फारसे न मोडता सुई आत जाते. आज यंत्रावर फिरणाऱ्या बहुतेक सुया याच धातूच्या असतात.

तिसरी गोष्ट धुण्याच्या पाण्याची. पहिल्या महायुद्धात, सन १९१५ मध्ये, हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण वापरात आणले. कपडे शुभ्र करण्याच्या द्रावणातील द्रव्य ते हेच. नलिकेत ते जंतू मारते आणि सडलेली मज्जा विरघळवते. सुईने नलिकेची प्रत्येक बाजू घासली जात नाही. जेथे सुई पोचत नाही तेथे हे पाणी पोचते, म्हणून ते अत्यावश्यक आहे. परंतु जे द्रव्य सडलेले सेंद्रिय द्रव्य विरघळवते, ते डेंटीनमधील तंतूंनाही थोडे खाते. डेंटीनच्या लहान पट्ट्या अशा तीव्र द्रावणात दीर्घकाळ ठेवल्या तर त्यांची वाकण्याची सहनशक्ती घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून द्रावणाची तीव्रता किती आणि वेळ किती, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

आता एक वाद सांगतो, कारण त्यातून मला स्वतःला मोठा धडा मिळाला. सन २००९ पासून पुढे काही संशोधकांनी यंत्राच्या सुयांनी तयार केलेल्या मुळांचे आडवे काप घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बारीक चिरा पाहिल्या. निष्कर्ष निघाला की, यंत्राच्या सुया दात चिरतात. पुष्कळ खळबळ झाली. मग २०१४ मध्ये ब्राझीलमधील दे-देउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात न कापता, अतिसूक्ष्म क्ष-किरण यंत्राने, काम करण्यापूर्वी आणि नंतर अशी दोन्ही वेळा चित्रे घेतली. नंतरच्या चित्रात जी जी चीर दिसली, ती ती आधीच्या चित्रातही होती. दोष शोधणाऱ्याने ‘नंतर’ पाहिले होते, ‘आधी’ पाहिलेच नव्हते. काढून ठेवलेला दात सुकताना व कापताना चिरू शकतो, याचाही विचार झाला नव्हता. माझी चूक यापेक्षा वेगळी होती काय? मीही केवळ ‘नंतर’ पाहूनच निकाल दिला होता.

असे प्रयोग केवळ परदेशात होतात असे नाही. सन १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ पासूनचे आहे. आपली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती १९७० साली. त्या वेळी जेथे भातखाचरे व मिठागरे होती, तेथे आज नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील व तेरणा ही दंतमहाविद्यालये आहेत आणि कामोठ्यास महात्मा गांधी मिशनचे आहे. दाताचे बळ मोजण्याची या शास्त्रातील नेहमीची रीत अशी. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या, बहुधा एकाच मुळाच्या, उपदाढा जमवितात. त्यांचे गट पाडून प्रत्येक गटाची नलिका निराळ्या पद्धतीने तयार करतात. मुळे ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात उभी रोवून यंत्राने वरून हळूहळू दाब देतात आणि दात ज्या क्षणी मोडतो त्या क्षणीचा दाब न्यूटनमध्ये टिपतात. एक गट मुळीच न कोरलेल्या दातांचा ठेवतात, म्हणजे तुलना करता येते. या रीतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. यंत्र एकाच दाबात दात मोडते. तोंडात मात्र लहान लहान दाब वर्षानुवर्षे, लाखो वेळा पडतात आणि त्यांनी दात थकतो. शिवाय एकाचा दात दुसऱ्याच्या दातासारखा नसतो. म्हणून अशा एकाच प्रयोगावर कोणी शेवटचा निकाल देऊ नये.

अलीकडे काही डॉक्टर दाढेच्या माथ्यावरचे दार अगदी लहान ठेवण्याच्या मताचे आहेत. हेतू स्तुत्य आहे. पण दार फार अरुंद झाले तर आतील नलिका सापडत नाहीत आणि घाण मागे राहते. आणि त्यामुळे दात निश्चितपणे बळकट राहतो, हे प्रयोगांनी अजून एकमुखाने सिद्ध केलेले नाही. घर झाडताना दाराची चौकटही मोडू नये आणि कोपऱ्यात कचराही ठेवू नये. यातला मध्य साधणे हेच डॉक्टरांचे कौशल्य होय.

आता ज्यासाठी मी हे सारे सांगितले, त्या मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे कॅप. आपण खेड्यात बैलगाडीचे चाक पाहिले आहे. चाक लाकडाचे आणि त्याभोवती लोखंडी धाव. लोहार धाव तापवून चढवतो, ती निवताना आवळते आणि सगळ्या लाकडाला एकत्र धरून ठेवते. धाव निघाली की चाक पहिल्याच खड्ड्यात उकलते. चावताना दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे एकमेकांपासून दूर रेटले जातात. मधला आधार गेलेली दाढ त्यामुळेच उभी उकलते. कॅप ही त्या दाढेची धाव आहे. मात्र धाव धरायला लाकूड हवे. हिरडीच्या वर दाताचा स्वतःचा दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा पट्टा सर्व बाजूंनी शिल्लक असेल तरच कॅप नीट आवळून धरते. म्हणून जेवढा दात राखला, तेवढी कॅप टिकते. अमेरिकेतील अक्विलिनो व कॅप्लान यांनी २००२ मध्ये रुग्णांच्या नोंदी तपासून असे दाखवले की, रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या मानाने, सहापट प्रमाणात गमवावे लागले. समोरच्या दातांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्यावर दाढेसारखा दाब नसतो आणि त्यांचा बराच भाग शाबूत असेल तर नुसते भरूनही चालते. ते डॉक्टरांनी ठरवावे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. काही वेळा नलिकेत एक धातूची अथवा तंतूंची खुंटी बसवतात. तिने दात बळकट होतो असे लोक समजतात. तसे नाही. ती वरचे भरण धरून ठेवण्यापुरती असते आणि तिच्यासाठी आतून आणखी डेंटीन कोरावे लागते. वरचा भाग पुरेसा असेल तर तिची गरज नसते.

म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग येईल, त्यांनी डॉक्टरांना आदराने तीन प्रश्न विचारावे. माझा स्वतःचा दात किती शिल्लक आहे? वर काय बसणार आणि किती दिवसांत? आणि आधीचे व नंतरचे क्ष-किरण चित्र मला दाखवाल का? कॅप बसेपर्यंत त्या बाजूने सुपारी, चिक्की, भाजलेले दाणे, ऊस हे चावू नये. रूट कॅनलचा आणि कॅपचा खर्च आरंभीच एकत्र विचारून ठेवावा, म्हणजे माझ्यासारखी अर्ध्या वाटेवर कंजुषी सुचणार नाही. खर्च झेपत नसेल तर दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. तेथे साधारणतः खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात, अध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय हा की, कीड लहान असतानाच जावे. जी भिंत पडलीच नाही, तिला टेकू लागत नाही.

येथे मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करतो. आपण वैद्यकीय साहाय्यनिधीतून शस्त्रक्रियेस मदत देतो, परंतु दातांचा खर्च त्यात धरत नाही. दात हा चैनीचा विषय आहे, असे आपण मानत आलो. ज्या वृद्धाला भाकरी चावता येत नाही, त्याला विचारावे. गरजू कुटुंबांतील ज्यांचे रूट कॅनल झाले आहे पण कॅप राहिली आहे, अशांना त्या कॅपपुरते साहाय्य मिळावे. कारण तेवढ्यासाठी आधीचा सारा खर्च वाया जातो. आरंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील अल्प रक्कम मी आज चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे.

शेवटी एक घरची गोष्ट सांगून पुरे करतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या पत्नीची दाढ दुखू लागली. तिने सरळ सांगितले, “तुमचेच बोल ऐकले आहेत मी, काढून टाका म्हणजे झाले.” माझा धडा माझ्याच घरात परत आला होता. तिला समजावण्यास मला आठ दिवस लागले. कागदावर बांबू काढला, बैलगाडीचे चाक काढले, आकडे मांडले. अखेर ती तयार झाली ती आकड्यांमुळे नव्हे. मी म्हटले, “माझे चुकले होते.” इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने क्वचितच ऐकलेले, त्यामुळे तिचा लगेच विश्वास बसला. रूट कॅनल झाले आणि बाराव्या दिवशी कॅप बसली. आज ती त्याच बाजूने भाकरी चावते आहे.

ज्या वहिनींनी माझ्या शब्दावर दाढ काढवून घेतली, त्या आज या सभागृहात आहेत. त्यांची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. परंतु चूक पंगतीत, चारचौघांत झाली होती. म्हणून क्षमाही चारचौघांत मागणे योग्य, असे मला वाटते. त्यांनी ती द्यावी आणि आपण सर्वांनी माझे ते जुने उत्तर वहीतून खोडून टाकावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.